शेजारच्या प्लॉटवर खोदकाम, आमच्या भिंतींना तडे : सोसायटीचा इन्शुरन्स यात काही देतो का?

उंबरठा | रविवार, सकाळी

नमस्कार मंडळी. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

आमची सोसायटी कोथरूडात, स्टिल्ट अधिक चार मजले, २४ फ्लॅट, पझेशन १९९८ चं. मी गेल्या वर्षी सेक्रेटरी झालो, म्हणजे मीटिंगला उशिरा पोचलो आणि पोचल्यावर कळलं की मी सेक्रेटरी झालोय. तर शेजारची जुनी सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली आणि तिथे दोन बेसमेंटचा खड्डा सुरू आहे, आमच्या कंपाउंडपासून जेमतेम दीड मीटरवर. वरची काळी माती आणि मुरूम निघत होता तोवर नुसती धूळ होती, मग काळा पाषाण लागला आणि पोकलेनला ब्रेकर बसला. सकाळी नऊला जो सुरू होतो तो संध्याकाळी सातला थांबतो. मांडणीतल्या वाट्या वाजतात, आमच्या आईला वाटतं दारात कोणीतरी आलंय.

तीन आठवड्यांपूर्वी बी विंगच्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या बेडरूमची खिडकी लागेनाशी झाली. बघायला गेलो तर खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून स्कर्टिंगपर्यंत तिरकी चीर, रुपयाचं नाणं कडेने आत जातंय. मग सगळी विंग हिंडलो तर अशा अकरा चिरा मिळाल्या, त्या बाजूचे पेव्हर ब्लॉक बसलेत, आणि कंपाउंड वॉल त्यांच्याकडे कलून मागच्या सोमवारी तिचा बारा-पंधरा फुटांचा तुकडा रात्री खड्ड्यात गेला. नशीब खाली कोणी नव्हतं.

आमची पॉलिसी आहे, साडेचार कोटींची, दर वर्षी न चुकता भरतो. एजंटला फोन केला तर म्हणाला 'सबसिडन्स (म्हणजे जमीन खचणं) कव्हर आहे, बिनधास्त क्लेम टाका'. टाकला. विमा कंपनीचा सर्व्हेअर आला, वीस मिनिटं फोटो काढले, काकूंचा चहा नको म्हणाला (तेव्हाच शंका यायला हवी होती), आणि काल पत्र आलं की क्लेम देय नाही.

कोणाला अनुभव आहे का? एवढी वर्षं भरलेला प्रीमियम मग कशासाठी?

मनीमाऊ

बाप रे. काकू त्याच खोलीत झोपतायत का अजून? आधी त्यांना तिथून हलवा. आणि पत्रात नेमकं काय लिहिलंय ते टाका, त्याशिवाय कोणी काय सांगणार.

उंबरठा

काकू हॉलमध्ये झोपतात आता. पत्र इंग्रजीत दोन पानी आहे, मतितार्थ असा की जमीन खचणं हा धोका पॉलिसीत आहे पण त्याला अपवाद आहेत, आणि बांधकाम, पाडकाम, दुरुस्ती किंवा खोदकाम यामुळे जमीन खचली तर ते नुकसान धरलं जात नाही. आणि मी क्लेम फॉर्ममध्ये 'कारण' या रकान्यात स्वतःच्या हाताने 'शेजारील खोदकाम' लिहिलंय :(

लगेचउत्तर

सोप्पं आहे, रेराकडे जा. स्ट्रक्चरल डिफेक्टला बिल्डर पाच वर्षं जबाबदार असतो. एक कम्प्लेंट टाकली की धावत येईल.

सिव्हिलवाला

नाही हो. रेरा कायद्याच्या कलम १४(३) मधली ती पाच वर्षं तुम्हाला ज्याने घर विकलं त्या बिल्डरला लागू, पझेशनपासून पुढे. यांची बिल्डिंग १९९८ ची. शेजारच्या प्लॉटवरचा बिल्डर यांचा प्रवर्तक नाही, यांनी त्याच्याकडून काहीच घेतलेलं नाही. इथे रेराचा काही संबंध नाही.

सर्व्हेकाका

मी सत्तावीस वर्षं लायसन्सधारक सर्व्हेअर म्हणून काम केलंय, आता निवृत्त. चहा मीही नाकारायचो, पण त्याचं कारण क्लेम नाकारायचाय असं नसतं, दिवसाला पाच घरी चहा झाला तर ॲसिडिटी होते.

उंबरठा, पत्र बरोबर आहे. वाईट वाटेल पण त्यावर भांडण्यात दिवस घालवू नका. तुम्ही रकान्यात 'खोदकाम' लिहिलं नसतंत तरी सर्व्हेअरला खिडकीतून खड्डा दिसलाच असता. इमारतीची पॉलिसी म्हणजे इमारतीला काहीही झालं तरी पैसे असं नसतं. ठरावीक धोक्यांची यादी असते: आग, वीज पडणं, स्फोट, भूकंप, वादळ, पूर, दंगल, बाहेरून काही येऊन आदळणं, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणं, आणि जमीन खचणं किंवा दरड कोसळणं. नुकसान यातल्या एकाने झालं पाहिजे. आता जमीन खचण्याच्या कलमाला खाली पाच शेपट्या आहेत. नवीन बांधकामाचं नेहमीचं बसणं आणि त्याचे तडे नाहीत, भराव घातलेली जमीन बसली तर नाही, नदी किंवा समुद्राने काठ खाल्ला तर नाही, डिझाइन, काम किंवा माल खराब असेल तर नाही, आणि पाचवी म्हणजे तुमची, खोदकाम-बांधकाम. १ एप्रिल २०२१ पासून घरांसाठी 'भारत गृह रक्षा' हा सगळ्या कंपन्यांना एकच असा मसुदा आला, त्याआधी 'स्टँडर्ड फायर अँड स्पेशल पेरिल्स' होती. तुमची कुठल्या मसुद्यावर आहे ते पहिल्या पानावर बघा, पण या पाच शेपट्या दोन्हीकडे जवळजवळ शब्दशः त्याच आहेत.

एजंट खोटं बोलला नाही, अर्धं बोलला.

पण तुमचा पैसा दुसऱ्या एका पॉलिसीत असू शकतो, आणि ती तुमच्या नावावर नाही. संध्याकाळी लिहितो, आता नातवाला क्लासला सोडायचंय.

गारगोटी

काका असं मध्येच ब्रेक घेणार असाल तर मालिका काढा.

कटिंगचाय

सगळा इन्शुरन्सच फ्रॉड आहे, मी तर बंदच केला. तो पैसा एफडीत टाकतो.

चिपळूणकरीण

फ्रॉड वगैरे नाही, पण वाचून घ्यायला पाहिजे हे मात्र आम्ही फार महाग शिकलो. २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये पाणी भरलं तेव्हा आमच्या बिल्डिंगचा तळमजला पूर्ण आणि पहिल्या मजल्याच्या लँडिंगपर्यंत पाणी होतं. पूर हा यादीतला धोका, त्यामुळे मीटर बोर्ड, पंप, वायरिंग, कंपाउंड, गेट हे सगळं मान्य झालं. पण पाणी उतरल्यावर तळमजल्याच्या कॉलमचं कव्हर पडून आतल्या सळया दिसायला लागल्या, ते आम्ही पुरात टाकलं आणि सर्व्हेअरने ते बाजूला काढलं. तो म्हणाला गंज एका दिवसाचा नाही. आमचे चेअरमन भांडले खूप, पण सळईवरून खरवडलं की पापुद्रे निघत होते, खरं सांगायचं तर आम्हालाही कळत होतं.

आणि दुसरा फटका म्हणजे रक्कम. सम इन्शुअर्ड, म्हणजे विम्याची रक्कम, वर्षानुवर्षं तीच चालू ठेवलेली, बांधकामाचा खर्च दुप्पट झालेला. आमची पॉलिसी फेब्रुवारीत रिन्यू झालेली, म्हणजे जुन्या मसुद्याची, त्यात ॲव्हरेज क्लॉज. दोन कोटींची इमारत एक कोटीला उतरवली असेल तर दहा लाखांच्या नुकसानीला पाचच लाख मिळणार. नुकसान एक कोटीच्या आत आहे ना मग पूर्ण द्या, असं आम्ही म्हणत बसलो, पण हिशोब तसा चालतच नाही.

मनीमाऊ

हे माहितीच नव्हतं. मग रक्कम ठरवायची कशी? फ्लॅटच्या भावाने?

सर्व्हेकाका | रविवार, रात्री

आलो. मनीमाऊ, फ्लॅटच्या बाजारभावात जमिनीची किंमत असते, आणि जमीन जळत नाही की वाहून जात नाही (कोकणात वाहते, पण ते असो). इमारत तशीच परत बांधायला आज जो खर्च येईल तो धरायचा. भारत गृह रक्षामध्ये कार्पेट एरिया गुणिले बांधकामाचा चालू दर असा हिशोब आहे, रक्कम पॉलिसीच्या काळात वर्षाला १० टक्क्यांनी आपोआप वाढते, आणि चिपळूणकरीणताईंना लागली ती अंडरइन्शुरन्सची कात्री त्यात लागत नाही. वर क्लेमच्या ५ टक्क्यांपर्यंत आर्किटेक्ट-इंजिनिअरची फी आणि २ टक्क्यांपर्यंत राडारोडा उचलायचा खर्चही धरलेला आहे. हे बहुतेक लोक मागतच नाहीत.

आता उंबरठांची दुसरी पॉलिसी. एवढ्या मोठ्या कामावर बिल्डर किंवा त्याचा कॉन्ट्रॅक्टर सहसा 'कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क' घेतो, आम्ही तिला सीएआर म्हणतो. बँकेचं कर्ज असेल तर बँकच मागते. तिचे दोन भाग असतात. पहिला त्याच्या स्वतःच्या कामाचं नुकसान. दुसरा थर्ड पार्टी, म्हणजे त्याच्या कामामुळे तिऱ्हाइताचं झालेलं नुकसान. ते तिऱ्हाईत म्हणजे तुम्ही.

लगेच पेढे वाटू नका. दुसऱ्या भागातच एक अपवाद आहे की कंपनामुळे किंवा आधार काढल्यामुळे, कमकुवत केल्यामुळे शेजारच्या इमारतीला जे होईल ते नाही. आणि खड्ड्याशेजारी दुसरं होतं तरी काय! म्हणून जास्त प्रीमियम भरून वेगळं एंडॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीला जोडलेलं वाढीव कलम, घ्यावं लागतं, 'व्हायब्रेशन, रिमूव्हल ऑर वीकनिंग ऑफ सपोर्ट' नावाचं. ते आहे की नाही हा पहिला प्रश्न. ते असलं तरी त्याच्या अटी कडक. इमारत पूर्ण किंवा काही अंशी कोसळलेली हवी. काम सुरू व्हायच्या आधी ती धड अवस्थेत असायला हवी. आणि ज्या वरवरच्या नुकसानीने इमारतीची स्थिरता किंवा राहणाऱ्यांची सुरक्षितता धोक्यात येत नाही ते नाही, म्हणजे नुसत्या प्लास्टरच्या चिरा गेल्या.

अजून एक अट आहे. एंडॉर्समेंट घेतलेल्याने काम सुरू करण्याआधी आजूबाजूच्या इमारतींच्या अवस्थेचा रिपोर्ट स्वतःच्या खर्चाने करून ठेवायचा असतो. डिसेंबर-जानेवारीत तुमच्याकडे कोणी फोटो काढायला आलं होतं का? आठवा.

उंबरठा

मला तरी आठवत नाही. आधीच्या सेक्रेटरींना विचारतो, ते मुलीकडे नाशिकला गेलेत.

इकडे आज एक झालं. बिल्डरचा साइट इंजिनिअर स्वतः आला, फार नम्र मुलगा, म्हणाला 'सर आमचा मिस्त्री पाठवतो, क्रॅक फिलर भरून, पुट्टी मारून, वर पेंट, सगळं फ्री. फक्त झाल्यावर एक पत्र द्या की काम समाधानकारक'. अर्धी सोसायटी खूश आहे. एकजण तर म्हणाले की हॉलला पण मारून घेऊ.

सिव्हिलवाला

नको!!! उंबरठा, मिस्त्रीला गेटच्या आत घेऊ नका. पुट्टी भरली की तुमचा पुरावा भिंतीत पुरला गेला. जमीन अजून बसत असेल तर चीर पावसाळ्यात परत उघडणार आणि तेव्हा तुमच्या सहीचं 'समाधानकारक' पत्र त्यांच्या फाइलमध्ये असणार.

आजच्या आज काय करा ते सांगतो. प्रत्येक चिरेला नंबर द्या, शेजारी पट्टी धरून फोटो काढा, एक लांबून आणि एक जवळून. चीर भिंतीच्या दुसऱ्या बाजूलाही आहे का बघा, आरपार असेल तर ती प्लास्टरची नाही. कॉलम आणि विटांच्या भिंतीच्या सांध्यावर सरळ उभी बारीक रेघ असते ती बहुतेक घरात असते, तिच्यामागे लागू नका. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी जाते ती बघा, एक बाजू दुसरीपेक्षा जास्त बसली की अशी चीर पडते. सळईच्या रेषेत चीर आणि त्यातून तांबूस डाग म्हणजे गंज, ते जुनं दुखणं, ते यात मिसळू नका, नाहीतर चिपळूणसारखं सगळंच संशयात जातं. आणि टॉर्च मारून चिरेच्या आत बघा, जुन्या चिरेत धूळ, रंगाचे ओघळ, कोळ्याचं जाळं असतं. नवीन चिरेच्या कडा धारदार आणि आतला माल स्वच्छ.

मग काचेच्या पट्ट्या. फ्रेमवाल्याकडे उरलेल्या काचेचे बोटभर रुंद तुकडे कापून मिळतात. चिरेच्या दोन्ही बाजूंचा रंग खरवडून प्लास्टर उघडं करायचं, पट्टी चिरेवर आडवी ठेवून दोन्ही टोकं घट्ट चिकटवायची आणि काचेवर तारीख-वेळ लिहायची. चीर हलली की काच तुटते. पन्नास रुपयांचं काम आहे, पण कुठल्याही सर्व्हेअरसमोर उभं राहतं.

सर्व्हेकाका

सिव्हिलवाला यांच्या प्रत्येक शब्दाला अनुमोदन. आणि तो मुलगा पत्र का देत नाही, फक्त घेतो का, हेही सांगतो. लायबिलिटीच्या पॉलिसीत अट असते की कंपनीच्या लेखी संमतीशिवाय जबाबदारी कबूल करायची नाही. त्यामुळे 'आमच्यामुळे झालं' हे बिल्डर कधीच लिहून देणार नाही, तोंडाने कितीही गोड बोलला तरी. ते मागूही नका. तुम्ही तुमच्याकडून नुकसानीची लेखी मागणी त्याच्यावर ठेवा, पोच घ्या, आणि ही सूचना आपल्या विमा कंपनीला कळवा असं त्यात लिहा. तुम्ही त्याच्या कंपनीकडे थेट जाऊ शकत नाही, दावा बिल्डरवर, आणि त्याच्या वतीने कंपनी देते. एकदा लेखी दावा आला की कंपनीला न कळवणं त्याच्याच अंगाशी येतं.

कोर्टाची_पायरी

कायद्याचं थोडं. इन्शुरन्स असो नसो, बिल्डरची जबाबदारी त्याच्या पॉलिसीवर अवलंबून नाही. १८८२ च्या इझमेंट ॲक्टमध्ये प्रत्येक जमिनीला शेजारच्या जमिनीचा नैसर्गिक आधार मिळण्याचा हक्क मानलाय. जमिनीवर इमारतीचा भार असेल तर तो आधार कलम १५ प्रमाणे वीस वर्षं शांतपणे, विनाखंड मिळालेला असला की हक्क पक्का होतो. तुमची १९९८ ची म्हणजे वीस वर्षं कधीच उलटली. पझेशन लेटर, कम्प्लिशन, टॅक्स पावत्या, जे जुनं असेल ते काढून ठेवा. आणि महापालिकेच्या बांधकाम परवानगी विभागात अर्ज आजच द्या, नगररचना वगैरे फिरत बसू नका. कंपाउंड पडलंय हा मुद्दा सगळ्यात वर. जून २०१९ मध्ये कोंढव्यात एका सोसायटीची सीमाभिंत शेजारच्या साइटवरच्या मजुरांच्या शेडवर पडून १५ माणसं गेली होती. तुमच्या भिंतीखाली त्या रात्री कोणी नव्हतं हे खरंच नशीब.

तिरकाप्रश्न

तिरका प्रश्न विचारतो, राग नको. २७-२८ वर्षांची बिल्डिंग, उद्या तुम्हीही रिडेव्हलपमेंटलाच जाणार. चिरा जपून काय करणार? त्याच बिल्डरला द्या.

उंबरठा

राग नाही, हा प्रश्न मीटिंगमध्येही आला. पण २४ पैकी नऊ जण तयार नाहीत, आणि तडे गेलेली बिल्डिंग घेऊन वाटाघाटीला बसलं तर आपल्याला काय मिळणार हे शेंबडं पोरगंही सांगेल. शिवाय तोवर राहायचंय इथेच.

काचा लावल्या काल, अकरा. प्लास्टरवर रंग खरवडताना काकूंनी विचारलं 'हे नंतर कोण भरणार', म्हणलं मी भरतो.

प्रसन्नवदन

माझा फ्लॅट लोनवर आहे, बँकेने इन्शुरन्स दिलाय, त्यात हे येतं का?

सर्व्हेकाका

आधी ती पॉलिसी काढून बघा. बऱ्याचदा बँकेने दिलेली ती घराची नसतेच, कर्ज फेडण्याआधी तुम्हाला काही झालं तर कर्ज फेडायची, म्हणजे तुमच्या जिवाची असते. पंधरा वर्षं लोक समजतात घर उतरवलंय. घराची असली तर वरच्या पाच शेपट्या तिलाही आहेत. वैयक्तिक पॉलिसीत क्लेम चुकीचा नाकारला असं वाटलं तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, महिनाभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतची भरपाई देऊ शकतात. पुण्यात ऑफिस आहे.

उंबरठा | दहा दिवसांनी

अपडेट. जरा सविस्तर लिहितो कारण मलाच विश्वास बसत नाहीये.

एक. मंगळवारी रात्री साडेदहाला काकूंचा फोन, 'अरे काहीतरी टक् वाजलं'. वर गेलो. चार नंबरची काच, खिडकीखालची, मधोमध तुटली होती. तुकडे जागच्या जागी चिकटलेले, मधे केसभर फट. ब्रेकर बंद होऊन साडेतीन तास झाले होते. मी तिथे उभा राहून त्या काचेकडे बघत बसलो, एवढी मोठी बिल्डिंग हलतेय हे बोटभर काचेमुळे कळलं. फोटो काढला, व्हिडिओ काढला, शेजारी दुसरी काच लावली.

दोन. स्ट्रक्चरल इंजिनिअर नेमले. सोसायटीच्या उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी ऑडिट व्हायला हवं, आमचं २०१९ मध्ये झालेलं होतं, तो रिपोर्ट कपाटात मिठाईच्या बॉक्सखाली सापडला. त्यात कॉलम 'समाधानकारक', गंज किरकोळ. म्हणजे 'काम सुरू व्हायच्या आधी धड अवस्थेत' याला आधार झाला. २०२४ चं राहिलं त्याबद्दल इंजिनिअरांनी दहा मिनिटं सुनावलं. आता रिबाउंड हॅमर, यूपीव्ही (दोन्ही काँक्रीट न फोडता करायच्या चाचण्या) आणि लेव्हल्स घेतल्या. प्राथमिक मत असं की त्या बाजूच्या तीन फुटिंगखालचा (कॉलमच्या पायाखालचा) मुरूम मोकळा झालाय आणि खड्ड्यातून पाणी रात्रंदिवस उपसल्यामुळेही फरक पडलाय.

तीन, आणि हे खरं. जुने सेक्रेटरी नाशिकहून बोलले. 'हो रे, डिसेंबरात दोन पोरं आली होती कॅमेरा घेऊन, सगळ्या घरांतून फिरली, मी चहा दिला, सही पण केली कशावर तरी.' कशावर ते आठवत नाही, कॉपी घेतली नाही!

सर्व्हेकाका

तोच रिपोर्ट! तो बिल्डरकडे आहे म्हणजे एंडॉर्समेंटही बहुतेक आहे, उगाच कोणी स्वतःच्या खिशातून शेजाऱ्याच्या भिंतींचे फोटो काढत नाही. लेखी मागा, महापालिकेच्या सुनावणीत मागा, वकिलामार्फत मागा. त्यात काकूंची खिडकी असणार.

गारगोटी

मी म्हणलं होतं मालिका काढा.

सिव्हिलवाला

उंबरठा, एक विचारायचं राहिलं. तळमजल्यावर किंवा वर कोणी भिंती काढल्यात का? समोरचा सर्व्हेअर सगळ्यात आधी तेच शोधणार. २०१७ मध्ये घाटकोपरला बिल्डिंग कोसळली तेव्हा तळमजल्यावरच्या तोडफोडीवरच सगळा रोख होता.

उंबरठा

पहिल्या मजल्यावर एकांनी किचन आणि हॉलमधली भिंत काढून 'ओपन किचन' केलंय. ती अर्ध्या विटेची पार्टिशन होती, बीम-कॉलमला हात नाही असं आमचे इंजिनिअर म्हणतात आणि रिपोर्टमध्ये तसं स्वतंत्र परिच्छेदात लिहून घेतलंय. लपवण्यात अर्थ नव्हता, त्यांनी तिथे सराफाच्या दुकानासारखे दिवे लावलेत, कोणालाही दिसतं.

कोर्टाची_पायरी

लपवलं नाही हे उत्तम केलंत. नंतर सापडलं असतं तर बाकीच्या खऱ्या चिराही खोट्या ठरल्या असत्या.

उंबरठा | महिन्याभराने

शेवटचं अपडेट असं म्हणणार नाही कारण संपलेलं नाही.

महापालिकेने आमच्या बाजूचं काम थांबवायची नोटीस दिली. त्यानंतर बिल्डर स्वतः मीटिंगला आला, वकिलासकट. डिसेंबरचा रिपोर्ट टेबलावर आला, एकशे चाळीस फोटो. मी पान उलटत उलटत बी विंग तिसरा मजला काढला. काकूंची खिडकी, खाली गुळगुळीत पिवळी भिंत, आणि खिडकीत काकूंची तुळस. चीर नाही. मी तो फोटो आणि आजचा शेजारी शेजारी ठेवले आणि कोणी काही बोललंच नाही बराच वेळ.

सीएआर आहे, एंडॉर्समेंट आहे. त्यांच्या कंपनीचा सर्व्हेअर येऊन गेला, या वेळी चार तास. कंपाउंड वॉल कोसळलेलीच आहे त्यामुळे ती बसेल असं दिसतंय. तीन फुटिंगचा भाग इंजिनिअरच्या अंतिम रिपोर्टवर, त्यात 'स्थिरतेवर परिणाम' हे शब्द येतात की नाही यावर सगळं अडलंय. अकरापैकी सहा चिरा वरवरच्या ठरतील, त्या कंपनी देणार नाही, त्या बिल्डर स्वतःच्या खर्चाने पण आमच्या इंजिनिअरच्या देखरेखीखाली भरणार, आणि पावसाळा संपल्यावरच. तसं करारात घेतलं, आणि 'समाधानकारक' पत्राला एक वर्षाची मुदत. आमच्या बाजूच्या पट्ट्यात आता ब्रेकर नाही, ओळीने ड्रिल मारून खडक फोडतात, आवाज येतो पण वाट्या वाजत नाहीत. शोअरिंगचं, म्हणजे खड्ड्याच्या कडांना आधार द्यायचं, कामही सुरू झालंय, जे पहिल्या दिवशी व्हायला हवं होतं.

आमच्या स्वतःच्या पॉलिसीतून एक रुपया नाही. तरी रिन्यू केली, रक्कम नवीन दराने वाढवून. एजंट बदलला.

मनीमाऊ

आणि काकू?

उंबरठा

परत बेडरूममध्ये. इंजिनिअर हो म्हणाल्यावरच. रोज सकाळी काचा तपासून मला व्हॉट्सॲप करतात, 'सर्व ठीक', खाली गुलाबाचं फूल.

धावतीभेट

वरचे प्रतिसाद वाचले नाहीत, वेळ नाही. पण तुम्ही सरळ रेराकडे का जात नाही? पाच वर्षं बिल्डर जबाबदार असतो.

गारगोटी

वरून चौथा प्रतिसाद.